मनात शंका असताना धोंडाने होमकुंडातून जावे का?

डिचोलीचा मामा: माझा 17 वर्षांचा भाचा तीन वर्षे गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीचा धोंड आहे, म्हणजे व्रत पाळून जत्रेत होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणारा भक्त. यंदा वेताच्या काठीला लोकरीचे गोंडे बांधता बांधता तो थांबला आणि म्हणाला, "मामा, देवी आहे की नाही हेच मला कळेनासे झाले आहे, मग हे सोवळे कोणासाठी?" वर्गातल्या एका ख्रिस्ती मुलीवर त्याचे मन जडले आहे, हे त्यानेच सांगितले. माझे मत असे की शंका घेऊन व्रत करणे म्हणजे ढोंग नव्हे, आणि त्याने यंदाही जावे.

शिरगावचा जुना धोंड: मी असहमत आहे. व्रताच्या दिवसांत आम्ही घरचे अन्नही वर्ज्य करतो, ते मन एका ठिकाणी राहावे म्हणून. पहाटे निखाऱ्यांवर पाऊल टाकताना ज्याच्या ओठांवर देवीचे नाव येत नाही, त्याने त्या वर्षी काठी घरीच ठेवावी. यात शिक्षा नाही. देवी कोणाला बोलावणे धाडत नाही. मुलीचा विषय मात्र यात ओढू नये, कारण प्रेमात पडल्याने सोवळे मोडते असे मी कधी ऐकलेले नाही.

म्हापशाची मावशी: विषय ओढायचा नाही कसा? त्याची शंका तिथूनच तर आली असेल! आपण ज्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे म्हापशाच्या चर्चमधल्या मेरीमातेला, तेल वाहतो, तिला लोककथा लईराईची बहीणच मानते. बहिणी दोन धर्मांत नांदल्या, हे मुलाला सांगा.

डिचोलीचा मामा: सांगितले. तो म्हणाला, "बहिणी नांदल्या, पण त्या मुलीच्या आईला मी जावई म्हणून चालेन का?" मला उत्तर सुचले नाही.

मडगावचा वकील: गोव्याच्या नागरी कायद्यानुसार विवाहाची नोंदणी निबंधकापुढे होते आणि त्यासाठी कोणालाही धर्म बदलावा लागत नाही, पण वराला 21 वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे जावयाची चिंता चार वर्षांनी करता येईल. मावशींच्या कथेने मात्र मुलाचा प्रश्न सुटत नाही. त्याला सलोखा नको आहे, देवी खरी आहे का हे हवे आहे, आणि आपण सारे त्याला लग्नाचीच उत्तरे देत आहोत.

शिरगावचा जुना धोंड: वकीलसाहेबांचे हे पटले. मामा, मुलाला माझ्याकडे पाठवा. मलाही विसाव्या वर्षी हाच प्रश्न पडला होता आणि त्या वर्षी मी होमकुंडाबाहेर उभा होतो.