पी-३२० च्या फटीबद्दल
सिग सॉअर कंपनीच्या पी-३२० पिस्तुलात स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि ग्रिप (मूठ) यांच्यातील फट पुढे रुंद व मागे अरुंद दिसते, एवढ्यावरून त्याचे काम ओबडधोबड असल्याची तक्रार करणे मला घाईचे वाटते. २०१७ साली अमेरिकी लष्कराने एम-१७ म्हणून निवडलेल्या या पिस्तुलात स्लाइड प्लास्टिकच्या ग्रिपवर नव्हे, तर आत बसवलेल्या, क्रमांक कोरलेल्या पोलादी सांगाड्याच्या रुळांवर सरकते. ग्रिप हे केवळ बदलता येणारे आवरण असल्यामुळे ते साच्यातून किंचित वाकडे निघाले, तरी नेमावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. शिवाय सुटे भाग अदलाबदल करता यायचे, तर थोडी सैल जागा ठेवावीच लागते. हाताने घासून जुळवलेल्या ‘१९११’ या जुन्या अमेरिकी पिस्तुलाची घट्ट बसण इथे शोधू नये.

मात्र सांगाडाच ग्रिपमध्ये हलत असेल, तर तक्रार रास्त आहे. मी दुसऱ्या एका कारखान्याची सुटी ग्रिप घेतली होती. तिच्या ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कड्याच्या) आतली साच्याची रेघ पन्नासेक गोळ्यांनंतर बोटाला काचू लागली, ती बारीक पॉलिश पेपरने पाच मिनिटांत गेली. पण पिस्तूल सुटे करण्याच्या खटक्याचे भोक इतके आवळ होते की खटका अंगठ्याने फिरेना. ते कोरत न बसता मी ग्रिप परत केली.