जीवशास्त्रात पीएचडी: इथे की बाहेर?

निशाचर: परवा एका ग्रुपवर वाचलं, "जीवशास्त्र आणि कॉम्प्लेक्स सिस्टिम्समध्ये (असंख्य घटक एकमेकांवर परिणाम करतात अशा गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा अभ्यास) पीएचडी करायची तर सरळ जर्मनी गाठा, इथे नुसतं पिपेट (द्रव मोजून टाकायची नळी) धरायला शिकवतात." डोकंच फिरलं. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधनसंस्थेत फिजिक्सची पोरं पेशींचं गणित मांडतात. तिथल्याच आयआयएससी या विज्ञानसंस्थेत राघवेंद्र गदगकरांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर उभं आयुष्य घातलं. प्रत्येक माशीला रंगाचे ठिपके, मग कोण कोणावर धावून जातं हे तासन्‌तास टिपायचं. राणी काढून घेतली की काही मिनिटांत एकच कामकरी माशी कमालीची आक्रमक होते, तीच पुढची राणी. हे काय पिपेटचं काम आहे?

पेट्रीडिश: काम चांगलंच आहे हो, पोटाचं बोला. जेआरएफ, म्हणजे पीएचडीवाल्यांची सरकारी फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, तीही संशोधक रस्त्यावर उतरले तेव्हा. पण हातात कधी पडते? माझी दिवाळीला अडकलेली गुढीपाडव्याला आली. घरमालक थांबतो का तोवर? जर्मनीत नोकरीचा करार मिळतो, पगार आणि आरोग्यविमा त्यातच.

निशाचर: उशिराचं मान्य, त्यावर भांडायलाच हवं. पण तुम्ही पगाराचं बोलताय, पोस्ट दर्जाबद्दल होती.

सह्यकडा: मूळ दुखणं अकरावीत आहे. "मेडिकलला जायचंय, गणित कशाला?" म्हणून पोरं गणित सोडतात. मी बीएस्सीला प्राणिशास्त्र शिकवतो. फळ्यावर डिफरन्शियल इक्वेशन लिहिलं की वर्ग खाली मान घालतो. रॉबर्ट मे मुळात भौतिकशास्त्रज्ञ. १९७६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी दाखवलं की प्राण्यांच्या संख्येचं एका ओळीचं समीकरणसुद्धा वाढीचा दर चढवत नेला की केऑसमध्ये जातं, म्हणजे नियम साधा असूनही पुढचं भाकीत जमेनासं होतं. साध्या कॅल्क्युलेटरवर करून बघता येतं. आपला बायोचा विद्यार्थी एमएस्सी झाला तरी ते बघत नाही.

पेट्रीडिश: सर, मीही गणित सोडलेलीच. पीएचडीत रात्री बसून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले, कोणी शिकवलं नाही. पोरांना नावं ठेवायची शिक्षकांची खोड कधी जाणार?

सह्यकडा: पोरांना कुठे, अभ्यासक्रमाला ठेवतोय! बायोसाठी वेगळा गणिताचा पेपर ठेवा म्हणून दरवर्षी बैठकीत सांगतो. "मुलं नापास होतील," एवढंच उत्तर मिळतं. तुम्ही रात्री जे शिकलात ते दिवसा वर्गात मिळायला हवं होतं.

पेट्रीडिश: हे मात्र खरं. पण आवाज खाली.

आईचीकाळजी: मुलगी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतेय. तिने नेमकं काय करावं, कोणी सांगेल का?

निशाचर: ताई, नेट (जेआरएफसाठीची राष्ट्रीय परीक्षा) आणि टीआयएफआर-एनसीबीएसची प्रवेशपरीक्षा दोन्ही देऊ दे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेची पीएचडीची जाहिरात बघत राहा. जर्मनीसाठी मॅक्स प्लांक या तिथल्या मोठ्या संशोधनसंस्थेच्या संशोधनशाळांना अर्ज करता येतो, ड्रेस्डेनला तर पेशीजीवशास्त्र आणि कॉम्प्लेक्स सिस्टिम्स अशा त्यांच्या दोन संस्था एकाच शहरात आहेत. दोन्हीकडे अर्ज करू दे.

पेट्रीडिश: म्हणजे शेवटी तुम्हीही जर्मनी सांगितलीच. असो, इथलं काम हलकं नाही, एवढं मी मान्य करते. ताई, इथे घेतलंच तर आधी त्या लॅबमधल्या सीनियरना एकटं गाठून विचारा, फेलोशिप किती महिने तुंबते.

सह्यकडा: आणि सुट्टीत बारावीचं कॅल्क्युलस उघडायला सांगा तिला. अडलं तर मला व्यनि (खासगी निरोप) करा, मी शिकवतो.