गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग का? आणि एसटीतल्या चेंडूचे ३२ जूल कोणाचे?

निवृत्त चालक:
नमस्कार मंडळी. एसटीत चालक होतो, बरीचशी नोकरी चिपळूण-कराड मार्गावर, कुंभार्ली घाटात. शिक्षण दहावी. आता नातीचं नववीचं विज्ञान तिच्याआधी मीच वाचून काढतो, आणि ‘कार्य आणि ऊर्जा’ला अडकलोय.

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेग². वर्ग असणार हे माझ्या उजव्या पायाला पुस्तकाआधीपासून ठाऊक आहे. ताशी ३६ ला ब्रेक मारून गाडी जेवढ्यात थांबते, त्याच्या चौपट रस्ता ताशी ७२ ला खाते. पण का? वेग दुप्पट तर रस्ताही दुप्पट पुरावा ना? आणि तो अर्धा कुठून आला?

दुसरं जास्त छळतंय. गाडी सेकंदाला २० मीटरनं (म्हणजे ताशी ७२) चाललीय. आत उभा राहून एक पोरगा १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू पुढे सेकंदाला १० मीटरनं फेकतो. गाडीतल्या हिशेबानं त्यानं ८ जूल दिले. रस्त्याकडेला उभा असलेला म्हणणार, चेंडूचा वेग २० चा ३० झाला, ऊर्जा ३२ जूलवरून ७२ वर गेली. वाढ ४० ची, आणि पोराच्या दंडातून आठच गेले. मग ३२ कोणी भरले? ‘सगळं सापेक्ष असतं’ एवढ्यावर बोळवण करू नका. तिकिटं आणि बॅगेतली रोकड जुळली पाहिजे.

प्रयोगवही:
काका, रोकड जुळते. ३२ जूल तुमच्या गाडीनं भरले.

चेंडू पुढे ढकलताना पोराचे पाय गाडीला मागे रेटतात. चेंडूचा संवेग (वस्तुमान × वेग) ०.१६ × १० = १.६ एवढा वाढला, तेवढाच गाडीचा घटला. भरलेली गाडी १० टनांची धरा, तिचा वेग सेकंदाला ०.१६ मिलिमीटरनं उतरला. काट्यावर काय दिसणार! पण २० च्या वेगानं धावणाऱ्या १० टनांच्या बाबतीत एवढ्याशा घटीची किंमत होते १.६ × २० = ३२ जूल. पुढच्या कोणी तो चेंडू झेलला की ३२ गाडीला परत मिळतात, आणि ८ तळहातात उष्णता होऊन जातात. या ८ बद्दल आतला आणि बाहेरचा, दोघांचं एकमत असतं.

गणितवेडी:
वर्गाचं मी सांगते. ब्रेक एकसारखा दाबलाय असं धरा. वेग दुप्पट असेल तर थांबायला वेळ दुप्पट, आणि त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट. अंतर म्हणजे वेळ गुणिले सरासरी वेग, म्हणून चौपट. अर्धाही इथलाच: वेग पूर्णावरून शून्यावर येताना सरासरी निम्मी पडते. बल = वस्तुमान × वेग ÷ वेळ, अंतर = ½ × वेग × वेळ. बल गुणिले अंतर म्हणजे ब्रेकनं केलेलं कार्य, तेवढीच गाडीची ऊर्जा गेली. म्हणून दोन्ही गुणा, वेळ उडून जातो, सूत्र उरतं.

तुमचं ‘दुप्पट’ही वाया जात नाही. किती वेळात थांबणार ते संवेग सांगतो, किती अंतरात ते ऊर्जा.

जुनी पानं:
याच दुप्पट-चौपटीवरून युरोपात काही दशकं भांडण चाललं होतं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे अनुयायी वस्तुमान × वेग धरून बसले, तर जर्मन गणिती लायब्निट्झनं १६८६ मध्ये वेगाचा वर्ग पुढे केला. १७२० च्या दशकात हॉलंडमध्ये ग्राव्हेसांडे या शास्त्रज्ञानं पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. चौपट उंचीवरून पडणाऱ्या गोळ्याचा वेग दुप्पट असतो, पण खळगा चौपट पडला. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीनं १७४० च्या आपल्या पुस्तकात वर्गाची बाजू लढवली. अर्धा मात्र बराच उशिरा आला, १८२९ मध्ये, कोरिऑलिसकडून. चक्रीवादळांच्या संदर्भात ज्याचं नाव येतं तोच हा.

निवृत्त चालक:
पटलं. नात विचारतेय, चेंडू मागे फेकला तर गाडीला फुकटात ऊर्जा मिळेल का?

माझं वेगळंच. घाट उतरताना काटा ३० वर धरून ठेवला तर गतिज ऊर्जा जिथल्या तिथे. तरी ब्रेकचे ड्रम तापून लायनर वास मारतात. ती उष्णता कशाची?

प्रयोगवही:
नातीला शाबासकी द्या. मिळते, पण फुकट नाही. चेंडू २० वरून १० वर येताना २४ जूल गमावतो, पोराचे ८ मिळून गाडीला ३२.

घाटात खर्च होते ती उंचीची, म्हणजे स्थितिज ऊर्जा. १० टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरली की ४ कोटी ९० लाख जूल. ताशी ७२ वरून पूर्ण थांबायला २० लाखच लागतात. म्हणजे तसे जवळजवळ पंचवीस करकचून ब्रेक, तेही मध्ये ड्रम निवायला फुरसत न देता. खालच्या गिअरला उतरलं की यातला बराच भाग इंजिनातलं घर्षण आणि हवेची ओढाताण खाऊन टाकते, ड्रमाच्या वाट्याला कमी येतं.

निवृत्त चालक:
डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे महाभाग अजून आहेत. त्यांना हा आकडा पाठवतो.