खाजगीकरण, निर्गुंतवणूक की अजून काही?

शब्दवेडी: मंडळी, पोर्तुगालवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय, एका मंत्र्यापाशी अडकलेय. मिगेल पिंतु लुझ, एप्रिल २०२४ पासून तिथले पायाभूत सुविधा आणि गृहनिर्माण मंत्री, आणि टाप ही सरकारी विमान कंपनी विकायचं कामही त्यांच्याच खात्याकडे. मी 'खाजगीकरण' लिहिलं, संपादकांनी खोडून 'निर्गुंतवणूक' केलं, म्हणजे सरकारने कंपनीतला आपला हिस्सा विकणं. पण मूळ पोर्तुगीज शब्द 'रेप्रिव्हातिझासाँव' आहे, म्हणजे पुन्हा खाजगी करणं. शिवाय त्यांच्या खात्याच्या नावातल्या 'आबितासाँव'ला गृहनिर्माण बरोबर वाटतं का? त्याचा अर्थ राहणं, वास्तव्य, आपल्या शब्दात नुसतं बांधकाम येतं.

जमाखर्च: संपादक बरोबर आहेत. जुलै २०२५ मध्ये ठरलं ते जास्तीत जास्त ४९.९ टक्के विकायचं, त्यातले ४४.९ गुंतवणूकदाराला आणि ५ कर्मचाऱ्यांना. मालकी सरकारचीच, मग खाजगी झालं कुठे? एअर इंडिया जानेवारी २०२२ ला अख्खी टाटांकडे गेली, ते खाजगीकरण.

शब्दवेडी: पण 'पुन्हा' कुठे जातं त्यात? १९७४ च्या क्रांतीनंतर, १९७५ ला टाप सरकारजमा झाली, २०१५ ला ६१ टक्के विकली, २०२० ला कोविडमध्ये सरकारने परत ताब्यात घेतली. क्रांतीनंतर जे सरकारजमा झालं ते विकायचं असेल तर त्यांच्या कायद्यात हा वेगळा शब्द आहे. निर्गुंतवणूक म्हटलं की हा सगळा इतिहासच पुसला जातो.

जुनी पाटी: आधी 'खाजगी' सुधारा हो ताई. शब्द 'खासगी', खास वरून आलेला. पेशव्यांचे खासगीवाले होते, होळकरांकडे राज्याची दौलत वेगळी आणि घरची खासगी वेगळी. माझे वडील प्रुफं तपासायचे, ज दिसला की लाल शाई.

कृष्णाकाठ: आमच्याकडे सांगलीत सगळे खाजगीच म्हणतात, आजीपण म्हणायची, खाजगीतलं बोलणं, खाजगी शिकवणी. लोकांच्या तोंडात रुळलेला शब्द चुकीचा कसा?

जुनी पाटी: रुळला म्हणून मूळ बदलत नाही.

शुद्धमती: दोन्ही नकोत. अरबी-फारसी शब्दाला संस्कृत 'करण' जोडायचं म्हणजे भेसळ. सरळ मराठीत लिहा, 'सरकारी विमान कंपनीचा लिलाव'.

मांडवीपार: लिलाव पोर्तुगीज आहे! 'लेइलाँव'. चावी, पगार तसाच हा. आणि गंमत बघा, आम्ही गोंयकार जत्रेतल्या दुकानांच्या जागांच्या लिलावाला 'पावणी' म्हणतो, पोर्तुगीज राहिले आमच्याकडे आणि त्यांचा शब्द वापरता तुम्ही पुणेकर. लहानपणी देवळाच्या पावणीला बाबांच्या खांद्यावर बसून आकडे ऐकलेत मी, अजून कानात आहेत.

कृष्णाकाठ: पावणी! पावणे वरून असणार, ज्याला मिळालं त्याला पावलं.

शुद्धमती: मला पाव भागाशी संबंध वाटतो.

मांडवीपार: नाही हो, पाव कशाला येईल त्यात, 'पावणे'च पटतंय.

शब्दवेडी: आबितासाँववर कोणीतरी बोला ना. लिस्बनमध्ये घरभाडी लोकांना परवडत नाहीत हा तिथला मोठा प्रश्न, आणि 'गृहनिर्माण' वाचून वाटतं हा माणूस फक्त इमारती उभारतो. 'निवास' चालेल?

जमाखर्च: निवास म्हणजे सरकारी बंगला वाटतो. म्हाडाच्या नावातही गृहनिर्माणच आहे, तेच ठेवा.

जुनी पाटी: काहीही ठेवा पण खासगीत स लिहा.