अणू, परमाणू, रेणू: नेमकं कोणाला काय म्हणायचं?

प्रश्न
माझी भाची इंदूरला हिंदी माध्यमात शिकत होती, यंदा आठवीला पुण्यात मराठी शाळेत आली. चाचणीत तिनं लिहिलं, 'पाण्याच्या एका अणूत हायड्रोजनचे दोन परमाणू असतात.' बाईंनी लाल शाईनं खोडलं. पोरगी रडवेली झाली. तिचं चुकलं काय?

उत्तर
ताई, विज्ञान चुकलेलं नाही, भाषा बदलली. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत ॲटमला अणू म्हणतात, मॉलिक्यूलला रेणू. तिचं वाक्य मराठीत असं होईल: पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. मुंबईतली एकच संस्था मराठीत 'भाभा अणुसंशोधन केंद्र' आणि हिंदीत 'भाभा परमाणु अनुसंधान केंद्र' होते, ती यामुळेच. जाता जाता: एकटा 'अणू' दीर्घ, समासात मात्र अणुऊर्जा, अणुअंक असा ऱ्हस्व.

आणखी एक उत्तर
'रेणू' मला फार आवडतो. संस्कृतात रेणु म्हणजे धूळ. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या मांडणीत परमाणू हा न फुटणारा कण. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, म्हणजेच त्रसरेणू. दुपारी फटीतून कवडसा आत येतो, त्यात तरंगताना दिसतो तो हा कण. आजच्या हिशेबानं त्या एका कणात अब्जावधी अणू असतात, पण जुळून झालेल्या कणाला रेणू म्हणायची जाण त्या शब्दात आधीपासून होती. ग्रीकातून आलेला ॲटमसुद्धा 'न कापता येणारा'च. 1897 मध्ये थॉमसन यांनी अणूच्या आतला इलेक्ट्रॉन शोधला आणि तो अर्थ गेला. त्यामुळे मराठीत 'परम' नाही हे मला बरंच वाटतं.

प्रश्न
मनापासून आभार! अणूच्या आतल्या कणांना मूलकण म्हटलं तर चालेल?

उत्तर
इलेक्ट्रॉनला खुशाल म्हणा. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचे बनलेले, त्यांना मूलकण म्हणू नये. तिघांना मिळून 'अवअणुकण' म्हणतात. उच्चाराला अडखळतो, पण अर्थ चोख आहे. न्यूक्लिअसला केंद्रक. पेशीतल्यालाही तेच नाव असल्यानं घोळ होईल तिथे 'अणुकेंद्रक' लिहावं. आणि भाचीला एक जरूर सांगा: हिंदीत इलेक्ट्रॉनवर ऋण 'आवेश' असतो, मराठीत ऋण 'प्रभार'. आपल्याकडे आवेश भाषण करणाऱ्याला येतो. तसंच तिकडचं द्रव्यमान म्हणजे आपलं वस्तुमान. प्रोटॉनचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे 1836 पट, हा आकडा मात्र तिला पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

प्रश्न विचारणारी
तिला सगळं वाचून दाखवलं. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून बसली आहे. न्यूट्रॉनपाशी थांबून विचारत होती, 'मावशी, याचं काय?' म्हटलं, तो दोन्हीकडे न्यूट्रॉनच.