शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, तरी चांदी शांत का?

‘शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असला की धातू पोटॅशियमसारखा भडकणारच’ हे विधान अर्धंच बरोबर. तसं असतं तर हुपरीचे चांदीचे पैंजण पंचगंगेत बुडवताच पेटले असते! शेवटच्या कवचाच्या आतलं कवचही बघायला हवं. कवचांतले इलेक्ट्रॉन आतून बाहेर मोजले तर पोटॅशियम २,८,८,१, आणि चांदीच्याच गटातलं तांबं २,८,१८,१. म्हणजे तांब्याच्या केंद्रकात प्रोटॉन दहा जास्त (१९ ऐवजी २९), आणि सोबत आलेले दहा ‘३डी’ (तिसऱ्या कवचाच्या ‘डी’ उपकवचातले) इलेक्ट्रॉन त्यांची ओढ पुरती झाकू शकत नाहीत. म्हणून शेवटचा इलेक्ट्रॉन सुटायला पोटॅशियममध्ये मोलमागे (म्हणजे अणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) ४१९ किलोज्यूल पुरतात, तांब्यात ७४५ लागतात, चांदीत (२,८,१८,१८,१) ७३१. शिवाय तांबं-चांदीचे धातुबंधही (धातूतल्या अणूंना एकत्र धरणारे बंध) जास्त मजबूत. म्हणून हे धातू शांत.

आणि चांदी काळी पडते ती ऑक्सिजनने गंजून नव्हे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो.