मदत हवी आहे: गुहेतली पाल नवीन प्रजातीची आहे, पुढे काय करायचं?

कातळवाट:
रविवारी गुहेत एक पाल दिसली. घरातल्या पालीसारखी अजिबात नाही. दोन तास नेटवर शोधलं, एकाही फोटोशी जुळत नाही. नाव कुठे नोंदवतात? किती दिवस लागतात? लवकर सांगा, शनिवारी परत जातोय.

सह्यभटक्या:
कुठली गुहा? निदान जिल्हा सांगा. दिवसा दिसली की रात्री? फोटो टाका.

कातळवाट:
फोटो हललाय. मोठी आहे, अंगावर गडद पट्टे आहेत. नोंदणीचं कुणी सांगेल का?

निशाचर_७:
मोठी म्हणजे किती? आणि डोळे बघितले का? बाहुली गोल असेल तर निमास्पिस असू शकेल. त्या लहान पाली, बहुतेक दिवसा फिरणाऱ्या. बाहुली मांजरासारखी उभी आणि बोटं रुंद, खाली मधोमध दुभंगलेल्या पट्ट्या असतील, तर हेमिडॅक्टिलस. म्हणजे आपल्या घरातल्या पालींचा गट. अंधारात बाहुली मोठी होते, त्यामुळे हललेल्या फोटोवरून फसायला होतं.

सुमनताई:
घरात पाली फार झाल्या असतील तर अंड्याची टरफलं ट्यूबलाइटजवळ ठेवा. आमच्याकडे गुण आला.

सह्यभटक्या:
ताई, त्यांना पाल घालवायची नाहीये.

रानवारा:
एक पकडून बरणीत फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) घाला. नमुना नसेल तर कुणी ऐकून घेत नाही. कॉलेजात आम्ही असंच करायचो.

निशाचर_७:
कृपा करून असं करू नका. वन खात्याच्या परवानगीशिवाय पकडायचं नाही. शिवाय थेट फॉर्मॅलिनमध्ये घातलं की डीएनए खराब होतो. परवानगी असलेले अभ्यासकसुद्धा आधी ऊतीचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात, मग उरलेला नमुना टिकवतात.

रानवारा:
तेव्हा कुठे डीएनए होता? नुसते खवले मोजून जाती ठरल्या आहेत. अजूनही मोजतातच.

निशाचर_७:
मोजतात, ते कुणी नाकारत नाही. पण दिसायला जवळजवळ सारख्या पाली जनुकांवरून वेगळ्या निघाल्याची उदाहरणं सह्याद्रीतच कितीतरी आहेत. दोन्ही लागतं.

व्याकरणप्रेमी:
शीर्षकात प्रजाती लिहिलंय. जीवशास्त्राच्या परिभाषेत स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती. नवीन प्रजाती सापडणं ही फार मोठी गोष्ट होईल.

कातळवाट:
बरं, जाती. जुन्नर तालुका. संध्याकाळी साडेसहाला, कातळाच्या भेगेत. शेपटीसकट वीतभर नक्की. आता तरी सांगा!

निशाचर_७:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! जुन्नरजवळच्या घाटघरहूनच २००८ साली सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांनी हेमिडॅक्टिलस आरॉनबावरी ही मोठी पाल नव्याने वर्णिली. दुसरी हेमिडॅक्टिलस मॅक्युलॅटस, १८३६ पासून माहीत असलेली, कातळांवर आणि लेण्यांत राहणारी. तुमची बहुधा या दोघींपैकीच एक. आधी त्या बाद करा. नराच्या मांडीखाली छिद्रांची रांग असते. ती किती आणि मध्ये खंड कुठे, यावरून बरंच ठरतं. पाठीवरच्या गाठींच्या रांगाही बघतात. यातूनही वेगळी वाटली, तर संग्रहालयातल्या मूळ नमुन्यांशी तुलना, जनुकं, आणि मग शोधनिबंध. नाव त्या निबंधातूनच अधिकृत होतं, कुठल्या खिडकीवर अर्ज करून नाही. यात महिने नाही, वर्षं जातात.

गिरिजा_प:
एक कळकळीची विनंती. गुहेचं नाव इथे लिहू नका. दक्षिण चीनमध्ये गोनियुरोसॉरस लुई नावाची गुहांत राहणारी पाल आहे. तिचं वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झालं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ती मूळ जागेवरून पार संपवली. गुहेतल्या प्राण्याला जागा तेवढीच असते.

कातळवाट:
हे डोक्यातच नव्हतं. नाव नाही लिहीत. शनिवारी न पकडता, शेजारच्या कातळावर पट्टी धरून फोटो काढतो, बोटांचेही. पण मादी असेल तर छिद्रं दिसणारच नाहीत ना?

निशाचर_७:
बरोबर. म्हणून एकीवर थांबू नका, आजूबाजूच्या भेगाही बघा. टॉर्च डोळ्यावर फार वेळ धरू नका. भिंतीवर सरकत असेल तर पोटाकडून फोटो मिळतो का बघा.

सुमनताई:
आणि तिथे अंडी दिसली तर हात लावू नका. भेगेत घातलेली असतात, आमच्या माळ्यावर बघितली आहेत.